नॅनोकणांचा आकार आणि झीटा पोटेन्शियल: बाटलीपासून आलेखापर्यंत

डीएलएसच्या (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून द्रावातल्या कणांचा आकार मोजण्याची पद्धत) यंत्रात काहीही घाला, आकडा येतोच. पातळ केलेला कटिंग चहा घातला तरी आकार मिळेल, पीडीआय (आकार किती एकसारखे आहेत ते सांगणारा आकडा) मिळेल, वर रंगीत आलेखही मिळेल. यंत्र कधी नाही म्हणत नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत जे चमत्कारिक आकडे दिसतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. मापन दोन-चार मिनिटांत उरकतं. ते चांगलं की वाईट हे त्याआधीच बाटलीत, पाण्यात आणि फिल्टरमध्ये ठरून गेलेलं असतं. म्हणून या लेखात यंत्राच्या बटणांपेक्षा सॅम्पलच्या तयारीवर जास्त लिहिलं आहे. मुंबईत ज्यांच्या विभागात हे यंत्र नाही आणि बाटली घेऊन दुसऱ्या संस्थेचं दार गाठावं लागतं, असे विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत.

यंत्र नेमकं काय पाहतं

पाण्यातले बारीक कण सतत इकडेतिकडे भटकत असतात. रॉबर्ट ब्राउनने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली ही हालचाल पाहिली आणि १९०५ मध्ये आइनस्टाइनने तिचा हिशेब मांडला. लहान कण चपळ, मोठा कण सुस्त. अशा द्रावात लेझर सोडला की विखुरलेला प्रकाश कणांच्या भटकण्यामुळे क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. यंत्र कणाचा आकार पाहतच नाही. हा प्रकाश किती लवकर आपली आधीची स्थिती 'विसरतो' एवढंच ते पाहतं. त्यावरून विसरण गुणांक (डिफ्युजन कोएफिशियंट, कण किती वेगाने पसरतात त्याचं माप) काढायचा, मग स्टोक्स-आइनस्टाइनचं समीकरण लावून व्यास. २५ अंशांच्या पाण्यात १०० नॅनोमीटरच्या कणाचा विसरण गुणांक सुमारे ४.९ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद येतो.

मिळतो तो हायड्रोडायनॅमिक व्यास. म्हणजे कण, त्यावरचं आवरण आणि त्याला चिकटून फिरणारं पाणी, असं सगळं मिळून. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) सुकलेला गाभा दिसतो, त्यामुळे डीएलएसचा आकडा मोठा येणं हे स्वाभाविक आहे. दोन्ही सारखे यावेत म्हणून धडपडू नका.

दुसरी गोष्ट पक्की डोक्यात बसवा. तरंगलांबीपेक्षा बरेच लहान कण व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात प्रकाश विखुरतात. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या कणापेक्षा साधारण दहा लाख पट जास्त प्रकाश टाकतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा चालू असताना कडेला कुणी बासरी वाजवत असेल, तशी लहान कणांची गत होते. धुळीचे मूठभर कणही तुमचं सगळं सॅम्पल झाकून टाकू शकतात. पुढची सगळी उठाठेव त्यासाठीच.

आधी पाणी, मग सॅम्पल

कोपऱ्यावरच्या दुकानातलं इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर इथे चालत नाही. १८.२ मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेचं ताजं पाणी घ्या आणि तेही ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. नव्या फिल्टरमधून सुरुवातीला त्याचेच बारीक तुकडे सुटतात, म्हणून पहिला अर्धा-एक मिलिलिटर फेकून द्यायचा. बाटल्या गाळलेल्या पाण्याने खळबळून उलट्या ठेवा. हातमोजे पावडरविरहित हवेत.

माध्यम म्हणून निव्वळ पाणी वापरायचा मोह होतो, पण मी १० मिलिमोलर मीठपाणी सुचवेन: १०० मिलिलिटरमध्ये ५८ मिलिग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराईड. एआर ग्रेडचंच (रासायनिक विश्लेषणाच्या शुद्धतेचं) घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटवर केमिकलच्या दुकानांत सहज मिळतं. घरच्या आयोडिनयुक्त मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून इतर पदार्थ घातलेले असतात, ते नको. मिठाचं कारण असं, की क्षार नसलेल्या पाण्यात प्रभारित कणाभोवतीचा आयनांचा थर दूरवर पसरतो, कणाची हालचाल मंदावते आणि आकार काही नॅनोमीटरने उगाच फुगतो. १० मिलिमोलरला हा थर जेमतेम ३ नॅनोमीटरचा उरतो. मात्र सिट्रेटच्या थरामुळे सुटं राहणारं तुमचं चांदीचं कोलॉइड मीठ सोसेल का, ते आधी थोड्याशा सॅम्पलवर बघा. पिवळं द्रावण करडं पडायला लागलं तर ते मीठ त्याच्यासाठी जास्त आहे.

सॅम्पल पातळ किती करायचं? एकच नियम सगळ्यांना लागू होत नाही, आणि 'चिमूटभर घाला' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. तीन पातळ्यांवर मोजा: मूळ, दसपट पातळ, शंभरपट पातळ. आकार तिन्हीत सारखा आला तर निश्चिंत. दाट सॅम्पलमध्ये आकार लहान दिसत असेल तर प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर उड्या मारत पोहोचतो आहे; मोठा दिसत असेल तर कण एकमेकांच्या वाटेत येत आहेत किंवा चिकटत आहेत. डोळ्यांनी बघायचं तर क्युव्हेट (मापनासाठीची छोटी पारदर्शक डबी) जेमतेम धूसर दिसावा. दुधासारखा पांढरा नको.

पातळ करताना आणखी एक काळजी. लायपोसोम, मायसेल, पॉलिमरचे सैल कण यांना साध्या पाण्यात टाकलं की त्यांचं रूपच बदलू शकतं. असं सॅम्पल ज्या बफरमध्ये आहे त्याच गाळलेल्या बफरने पातळ करा. झीटा (कणासोबत फिरणाऱ्या थराच्या सीमेवरचं विभव, त्यावर पुढे लिहिलं आहे) मोजायचा असेल तर यापेक्षाही चांगला उपाय आहे: थोडं सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रव काढा आणि त्यानेच उरलेलं पातळ करा. कणांभोवतीचे आयन आणि सामू (पीएच) तसेच राहतात.

सॅम्पल स्वतः गाळायचं का? शक्यतो नाही. फिल्टरला कण चिकटतात, मोठे अडतात आणि तुम्हीच तुमचं वितरण कापून टाकता. कण २० नॅनोमीटरच्या आसपासचे आहेत आणि धूळ निघतच नाही, तरच गाळा, आणि अहवालात तसं लिहा. गुठळ्या सुट्या करायला बाथ सोनिकेटर वापरा. प्रोब सोनिकेटरच्या टोकाचे टायटॅनियमचे कण सॅम्पलमध्ये उतरतात. तो वापरावाच लागला तर नंतर हलकं सेंट्रिफ्यूज करून घ्या.

हात बसवायचा असेल तर दूध झकास. सायविरहित दुधाचा एक थेंब भरपूर गाळलेल्या पाण्यात टाका. त्यातले केसीनचे मायसेल साधारण १५० ते २०० नॅनोमीटरचे असतात, त्यामुळे आपली पद्धत कुठे घसरते आहे ते लगेच कळतं. मात्र केंद्रातल्या ऑपरेटरला विचारल्याशिवाय त्यांच्या यंत्रात दूध नेऊ नका, ते भडकतील.

बाटली घेऊन प्रवास

मुंबईत यंत्र शोधायला आय-स्टेम हे संशोधन उपकरणांची माहिती देणारं सरकारी पोर्टल बघा. पवईची आयआयटी, माटुंग्याची आयसीटी, विद्यापीठाचा कलिना कॅम्पस अशा ठिकाणी कुठलं उपकरण बाहेरच्यांसाठी खुलं आहे, ते दर आणि अटींसह आधी विचारून घ्या. फॉर्ममध्ये द्रावक, अंदाजे संहती आणि धोके स्पष्ट लिहा. 'ऑरगॅनिक' एवढंच लिहिलं तर सॅम्पल परत येतं. क्युव्हेट पॉलिस्टायरीनचे असतात; टोल्युइन किंवा ॲसिटोन घातला की ते धूसर होतात, तडकतात किंवा विरघळतात. तेव्हा काचेचा किंवा क्वार्ट्झचा क्युव्हेट लागतो आणि तो बहुतेक वेळा आपल्यालाच न्यावा लागतो.

माटुंग्याहून कांजूरमार्गला स्लो लोकलने सॅम्पल न्यायचं असेल तर त्याला आईस पॅकला थेट टेकवून ठेवू नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी घाला. कण गोठले की बहुतेक वेळा एकमेकांना चिकटतात आणि मग कितीही हलवलं तरी सुटत नाहीत. बाटली अगदी काठोकाठ भरली तर गाडीत हिंदकळून फेस होत नाही. पोहोचल्यावर तळाशी काही बसलंय का बघा. एक मायक्रॉनचा सिलिका कण पाण्यात तासाला सुमारे २ मिलिमीटर खाली जातो. म्हणजे त्या आकाराच्या कणांना डीएलएस मुळात योग्यच नाही.

क्युव्हेट भरणे आणि तापमान

क्युव्हेट चारही बाजूंनी पारदर्शक असलेला घ्या. यूव्हीचे दोन बाजू खरबरीत असलेले क्युव्हेट काही यंत्रांत चालत नाहीत. बोटं वरच्या काठालाच लावायची. पिपेटचं टोक आतल्या भिंतीला टेकवून सावकाश सोडा, म्हणजे बुडबुडा धरत नाही. एक ते दीड मिलिलिटर पुरतं, म्हणजे तळापासून १० ते १५ मिलिमीटर. जास्त भरलं तर वरचा भाग तापमानाला यायला वेळ लागतो आणि आत प्रवाह सुरू होतात. झाकण लावा, बाहेरून धागे न सुटणाऱ्या टिश्यूने पुसा. हातरुमाल नको.

तापमानाची गफलत आकार कसा बिघडवते बघा. २० अंशांना पाण्याची श्यानता (द्रवाचा घट्टपणा) १.००२ मिलिपास्कल-सेकंद असते, २५ ला ०.८९. फ्रिजमधून काढलेलं सॅम्पल अजून २० अंशांवर आहे आणि यंत्र २५ धरून चाललंय, तर १०० नॅनोमीटरचा कण ११५ च्या आसपास दिसेल. म्हणून सॅम्पल आधी खोलीच्या तापमानाला आणा, यंत्रात गेल्यावरही निदान दोन मिनिटं थांबा. लेझरही चालू करून अर्धा तास तापू द्यायचा असतो. सकाळचा पहिला स्लॉट मिळाला तर ऑपरेटरला तेवढं विचाराच.

पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत चढतो. एसी बंद असलेल्या खोलीत १५ किंवा २० अंशांवर मापन लावलंत की क्युव्हेटच्या बाहेर पाणी सुटतं आणि लेझर त्या थेंबांवरच विखुरतो. जुलैत थंड मापन टाळा. करायचंच असेल तर यंत्राला कोरड्या हवेची किंवा नायट्रोजनची जोड आहे का विचारा.

सॉफ्टवेअरमध्ये माध्यमाची श्यानता आणि अपवर्तनांक नीट भरा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. फ्रीझ-ड्रायिंगसाठी १० टक्के सुक्रोज घातलं असेल आणि 'वॉटर' निवडलं, तर २० अंशांना श्यानता जवळपास एक तृतीयांशाने चुकते आणि आकारही तितकाच फुगतो. कणांचा अपवर्तनांक मात्र मुख्य सरासरीसाठी लागत नाही. तो लागतो प्रकाशाच्या तीव्रतेनुसारचं वितरण कणांच्या घनफळानुसार किंवा संख्येनुसार बदलताना.

कोरं माध्यम आणि मानक

सॅम्पलच्या आधी दोन मापनं. पहिलं, नुसतं गाळलेलं माध्यम: प्रकाशाचे काउंट अगदी कमी आणि कोरिलेशनचा वक्र (प्रकाश आधीची स्थिती किती लवकर 'विसरतो' त्याचा आलेख) सपाट यायला हवा. इथेच शिखर दिसलं तर पुढे जाऊ नका, पाणी बदला. दुसरं, आकार ठाऊक असलेलं पॉलिस्टायरीन लेटेक्स, ६० किंवा १०० नॅनोमीटरचं, १० मिलिमोलर मिठात पातळ केलेलं. केंद्राने ते सकाळी मोजलेलं असेल तर त्याचा प्रिंट मागा. संकोच करू नका, पैसे तुम्ही भरताय.

मग सॅम्पल, निदान तीनदा, मध्ये न हलवता. आकार दर वेळी वाढत जातोय तर कण गोळा होताहेत; कमी होत जातोय तर मोठे कण तळाशी बसताहेत, किंवा तापमान अजून स्थिरावलेलं नाही.

आलेख वाचताना

आलेली सरासरी बघण्याआधी कोरिलेशनचा वक्र उघडा. बरेच जण तो कधी बघतच नाहीत, आणि केंद्राकडून येणाऱ्या पीडीएफमध्ये तो असतोच असं नाही, म्हणून मागून घ्या. चांगला वक्र डावीकडे ०.८५ ते ०.९५ च्या उंचीवर सपाट सुरू होतो, मग एका गुळगुळीत उतारावरून शून्याला टेकतो. १०० नॅनोमीटरच्या कणांचा उतार एका मिलिसेकंदाच्या आतच संपलेला असतो. उजवीकडे, उशिराच्या काळात, वक्र शून्यावर न बसता हेलकावे खात असेल तर धूळ किंवा गुठळ्या आहेत. सुरुवातच कमी उंचीवरून असेल तर सॅम्पल फार दाट आहे, फार पातळ आहे किंवा फ्लुओरेसन्समुळे स्वतःच चमकतं आहे. लाल लेझरने उद्दीपित होणारा रंग भरलेले कण हा नेहमीचा अपराधी. वक्र वाईट असेल तर खाली छापलेल्या आकड्यांची किंमत शून्य, मग ते कितीही अपेक्षेप्रमाणे आलेले असोत.

वक्र ठीक असेल तर झेड-सरासरी (यंत्राने दिलेला सरासरी आकार) आणि पीडीआय बघा. पीडीआय म्हणजे वितरणाची रुंदी भागिले सरासरी, त्याचा वर्ग. १० टक्के रुंदीला ०.०१ येतो. ०.१ च्या खाली असेल तर कण एकसारखे. ०.२ च्या आसपास औषधवाहक कण ठीकच म्हणायचे. ०.७ च्या वर गेला तर या पद्धतीने सरासरी सांगायलाच जाऊ नका. आणि झेड-सरासरी ही एकाच शिखराच्या सॅम्पलसाठी आहे. दोन शिखरं असली की ती दोघांच्या मधला, कुणाचाच नसलेला आकार सांगते.

आता संख्येच्या वितरणाबद्दल. तीव्रतेचं शिखर १५० वर आणि संख्येचं ३० वर आलं की '३० नॅनोमीटर' लिहायची घाई होते, कारण लहान आकडा पेपरात छान दिसतो. हे करू नका. संख्येचं वितरण मोजलेलं नसतं, तीव्रतेवरून गणिताने काढलेलं असतं, आणि त्या सहाव्या घातामुळे डावीकडची किंचित चूकही प्रचंड होऊन बसते. तीव्रतेचंच वितरण द्या. सोन्याच्या सळ्या मोजणाऱ्यांना ५ नॅनोमीटरच्या आसपास एक फसवं शिखर दिसतं. ते लहान कणांचं नसून सळीच्या गिरकीचं असतं.

झीटा पोटेन्शियल

आधी एक गैरसमज: झीटा म्हणजे पृष्ठभागावरचा प्रभार नव्हे. कणासोबत फिरणाऱ्या द्रवाच्या थराची जी बाहेरची सीमा, तिथलं ते विभव. यंत्र विद्युतक्षेत्र लावतं, कण कुठल्या दिशेने आणि किती वेगाने सरकतात ते लेझरने मोजतं, आणि त्या चालीवरून झीटा काढतं. पाण्यात १० मिलिमोलर मिठात, १०० नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांना स्मोलुखोव्स्कीचं सूत्र लावतात. २५ अंशांना चाल १ मायक्रोमीटर-सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असेल तर झीटा सुमारे १२.८ मिलिव्होल्ट. तेलासारख्या कमी पराविद्युतांकाच्या (डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या) माध्यमात हुकेलचं सूत्र लागतं आणि त्याच चालीचा झीटा दीडपट निघतो. सूत्र कुठलं ते सांगितलं नाही तर आकडा अर्धवट राहतो.

सेल भरणं हे हाताचं काम आहे. इंग्रजी यू आकाराची केशनलिका असते, दोन्ही टोकांना धातूचे इलेक्ट्रोड. सेल उलटा धरा, सिरिंजने सावकाश सोडा. द्रव यूच्या वळणापर्यंत आला की सेल सुलट करा आणि दाबत राहा, दुसऱ्या तोंडाशी येईपर्यंत. आता सेल दिव्यासमोर धरून वळणात बुडबुडा अडकलाय का बघा. अडकला असेल तर टिचकी मारा. नाही निघाला तर द्रव परत ओढून पुन्हा भरा. बुडबुड्यासकट घेतलेलं रीडिंग फुकट जातं.

क्षार जास्त असतील तर अडचण येते. पीबीएस या फॉस्फेटयुक्त खारट बफरची वाहकता १५ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या घरात असते. इतक्या वाहक द्रवात व्होल्टेज लावलं की द्रव तापतो, इलेक्ट्रोड काळे पडतात, प्रथिनं त्यावर चिकटतात. शक्य तेव्हा १० मिलिमोलरमध्येच मोजा. पीबीएसमध्येच मोजायचं असेल तर कमी व्होल्टेज, थोडे रन, मध्ये विश्रांती. त्याच सेलमध्ये झीटाच्या आधी आणि नंतर आकार मोजा. आकार बदलला असेल तर झीटाचं ते रीडिंग टाकून द्या.

सामू सांगितल्याशिवाय झीटाला अर्थ नाही. सिलिकाचा झीटा सामू २-३ च्या आसपास शून्य होतो, टायटॅनियाचा ६ च्या आसपास, ॲल्युमिनाचा ९ च्या. म्हणजे तोच टायटॅनिया सामू ४ ला धन आणि ८ ला ऋण. उघड्या बाटलीतलं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ५.६ पर्यंत उतरतं, त्यामुळे 'पाण्यात मोजलं' एवढं सांगून भागत नाही. सामू क्युव्हेटमध्ये टाकायच्या द्रावाचाच मोजा, मूळ सॅम्पलचा नव्हे. कायटोसानचे कण आम्लात धन येतात, सामू ६.५ च्या आसपास प्रभार उतरतो आणि कण गोळा होतात. असं सॅम्पल सामू ७.४ च्या बफरमध्ये टाकून झीटा का पडला म्हणून हैराण होण्यात अर्थ नाही.

अधिक-उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे सॅम्पल टिकाऊ, हा ठोकताळा फक्त प्रभाराच्या जोरावर सुटे राहणाऱ्या कणांना लागू होतो. पीईजी लावलेले कण शून्याजवळ असूनही महिनोन्महिने टिकतात, कारण त्यांना पॉलिमरची झालर दूर ठेवते. झीटाच्या मापनाआधी उणे ४२ मिलिव्होल्टचं तयार मानक मिळतं, ते तपासून घ्या.

अहवालात काय लिहायचं

आकारासाठी: यंत्र, लेझरची तरंगलांबी, कोन, तापमान, माध्यम आणि त्याची श्यानता, संहती, झेड-सरासरी आणि पीडीआय, किती वेळा मोजलं आणि तो फरक एकाच बाटलीचा की वेगवेगळ्या बॅचचा. झीटासाठी त्यात सामू, वाहकता, मूळ चाल आणि सूत्र यांची भर. झीटाचे आकडे दशांशानंतर दोन घरं देऊ नका, इतकं हे मापन नेमकं नाही.

मूळ डेटा फाइलही मागून आणा, नुसती पीडीएफ नको, म्हणजे श्यानता चुकीची भरली गेली असेल तर पुन्हा पैसे न भरता हिशेब दुरुस्त करता येतो. पेन ड्राइव्ह रिकामा करून, व्हायरससाठी तपासून न्या. अनेक केंद्रांत यंत्राच्या संगणकाला इंटरनेट दिलेलं नसतं आणि ईमेलवर पाठवा म्हणून सांगायची सोय नसते.